खुर्चीवरून उठायचं कधी?

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं आवरून, इथे दिलं आहे.)



संयोजकांनी मला 'शाळेने मला काय दिले' हा विषय दिला होता. माझ्या आधी सहा जण त्यावर बोलले, आणि फार छान बोलले. शिस्त झाली, संस्कार झाले, छडी तर सगळ्यांनीच आठवली. माझ्यासाठी काही शिल्लक राहिलं नाही. म्हणून मी थोडा वेगळा विषय घेतो. पण त्याचं मूळ आपल्या कळसाडीच्या शाळेतच आहे, आठवीच्या वर्गात, दरवाज्याजवळच्या बाकावर.

आपले गणिताचे सर दर महिन्याला मॉनिटर बदलायचे, हे आठवतं ना? हजेरीपटाच्या क्रमानं. हुशार असो, ढ असो, मुलगी असो, मुलगा असो, क्रम आला की उभं राहायचं. खडू आणायचे, फळा पुसायचा, बडबड करणाऱ्यांची नावं लिहायची. माझा महिना आला तेव्हा मी जीव तोडून काम केलं. फळा ओल्या फडक्यानं पुसला, नावं इमानदारीनं लिहिली, माझ्या बाकावरच्या मित्राचं पण लिहिलं. त्यानं त्या दिवशी मला मधल्या सुट्टीत गाठून काय केलं, ते तो इथे बसलाय, तोच सांगेल. महिना संपला आणि सरांनी पुढचं नाव पुकारलं. मला रडू आलं. मी म्हणालो, "सर, मी चांगलं काम केलं, मग मला का काढलं?"

सर म्हणाले, "तू चांगलं केलंस हे कळायला दुसऱ्यानं करून बघायला नको का?"

तेव्हा मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर वयाच्या पन्नाशीपर्यंत पटलं नाही. आज त्याच वाक्यावर बोलणार आहे.

आपण दहावीत होतो त्या वर्षी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, इंदिराजींची हत्या झाली. शाळा लवकर सुटली, आपण घरी गेलो आणि सगळी माणसं रेडिओभोवती बसली होती. डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. नंदुरबारमधून माणिकराव गावित निवडून आले. त्याच्या आधी १९८१ च्या पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा लोकसभेत गेले होते. पुढे मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, आणि १९८९ ची लोकसभा ही त्या नव्या वयाची पहिली लोकसभा. म्हणजे आपली तुकडी ही अठरा वर्षांच्या नियमानं लोकसभेला मत देणाऱ्या पहिल्या पोरांपैकी. बोटाला शाई लावून आपण दिवसभर हात वर करून हिंडलो होतो. त्या वर्षीही नंदुरबारला माणिकराव उमेदवार होते, आणि निवडून आले.

मग १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९. एकूण नऊ वेळा. माझ्या मुलानं २०१४ मध्ये पहिल्यांदा मत दिलं. मशीनवर नावं वाचून तो घरी आला आणि म्हणाला, "पप्पा, हे तुमच्या वेळचेच आहेत का?" मी म्हणालो, "हो, तेच." बापानं पहिलं मत दिलं तेव्हा जे उमेदवार होते, तेच पोरानं पहिलं मत दिलं तेव्हा. मधे पंचवीस वर्षं गेली होती. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, १ जुलै १९९८ ला. शिक्के मारायच्या मतपत्रिका जाऊन मशीन आलं. आपले केस काळ्याचे पांढरे झाले, काहींचे गेलेच.

मी माणिकरावांबद्दल वाईट बोलायला उभा नाही. ते २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गेले. साधा माणूस अशी त्यांची ओळख होती. नवापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरचा माणूस केंद्रात गृह राज्यमंत्री झाला. २००९ मध्ये नवी लोकसभा भरली तेव्हा ज्येष्ठ सदस्य म्हणून त्यांना हंगामी अध्यक्ष केलं, आणि देशभरच्या खासदारांना शपथ देण्याचं काम त्यांच्या अध्यक्षतेखाली झालं. आपल्या जिल्ह्याच्या माणसाला तो मान मिळाला, ही लहान गोष्ट नाही.

पण दुसरी पाटीही वाचली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती आणि नंदुरबारची ६४ टक्के, राज्यात सगळ्यात कमी. २०१२ च्या राज्याच्या मानव विकास अहवालात आपला जिल्हा शेवटचा. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान आले, सोनियाजी आल्या, हेलिकॉप्टर उतरलं. २०१८ मध्ये केंद्रानं मागासलेल्या जिल्ह्यांची यादी केली, नाव 'आकांक्षित' असं गोड ठेवलं, त्यातही आपण. याचा सगळा दोष एका खासदाराच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. सातपुड्याचे डोंगर त्यांनी उभे केले नव्हते, आणि मुंबईतलं बजेट त्यांच्या हातात नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे: तेहतीस वर्षांत त्यांनी केलं ते जास्त की कमी, हे आपण कशाशी ताडून बघणार? दुसऱ्यानं करून बघितलंच नाही. गणिताच्या सरांचं तेच वाक्य.

२०१४ मध्ये ते हरले. एक लाखाहून जास्त मतांनी हरले. वय ७९. नऊ वेळा जिंकलेल्या माणसाची कारकीर्द अशी संपावी याचं मला, मी कुणाला मत दिलं ते सोडून द्या, पण वाईट वाटलं. २००९ ला ते सन्मानानं थांबले असते तर? हंगामी अध्यक्षाच्या खुर्चीतून उठून थेट गावी आले असते तर? पण तसं होत नाही. का होत नाही, ते मी पुढे माझ्यावरूनच सांगणार आहे.

एक गंमत बघा. महाराष्ट्रात मुख्यमंत्री फार टिकत नाहीत. वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत अकरा वर्षं होते, तो आजपर्यंतचा विक्रम आहे. त्यांच्यानंतर पाच वर्षांची एक मुदत सलग पुरी करणारा मुख्यमंत्री बघायला २०१९ उजाडलं. मुंबईतली खुर्ची अशी गरगर फिरते. पण खाली या. मतदारसंघात, कारखान्यात, बँकेत, शिक्षण संस्थेत, दूध डेअरीत. तिथे खुर्ची जमिनीत रोवलेली असते. आणि माणूस हलला तरी ती घरातच हलते. २०१४ ला माणिकरावांना हरवलं हीना गावितांनी. त्यांचे वडील विजयकुमार गावित १९९५ पासून नंदुरबारचे आमदार आहेत. २०२४ ला हीनाताईंना दीड लाखाहून जास्त मतांनी हरवलं गोवाल पाडवींनी. त्यांचे वडील के. सी. पाडवी सात वेळचे आमदार. त्याच वर्षी नोव्हेंबरात के. सी. पाडवी स्वतः अक्कलकुव्यात हरले. तरुण पुढे आले, चांगलं झालं, शिकलेले आहेत. पण आपल्या वर्गातल्या एखाद्या सालदाराच्या पोराला त्या रांगेत उभं राहायला जागा कुठे आहे, हे मला दिसत नाही.

सगळेच जास्त राहिलेले वाईट, असंही नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, १९६२ पासून. पण मधे १९७२ ला आणि १९९५ ला ते हरले होते. मला वाटतं त्या दोन पराभवांनी त्यांचं भलंच केलं असेल. लोक आपल्याला घरी बसवू शकतात हे ज्याला मधूनमधून कळतं, तो माणूस जमिनीवर राहतो. आणि २०१९ ला, नव्वदी ओलांडल्यावर, ते उभे राहिले नाहीत. २०२१ ला गेले. अख्ख्या महाराष्ट्रानं हात जोडले.

आता इथे शिक्षक बसलेत म्हणून दोन शिक्षकांची गोष्ट सांगतो, आफ्रिकेतल्या. रॉबर्ट मुगाबे हे मूळचे शिक्षक. अकरा वर्षांच्या आसपास तुरुंगात काढली, झिम्बाब्वे स्वतंत्र केला, १९८० ला सत्तेवर आले. सुरुवातीला शाळा काढल्या, दवाखाने काढले, लोकांनी डोक्यावर घेतलं. मग उठायचंच विसरले. पुढे नोटा अशा छापल्या की एका नोटेवर शंभर लाख कोटी डॉलर लिहिलेलं, आणि त्यात सामान्य माणसाचा बाजारसुद्धा भागेना. २०१७ ला त्यांच्याच सैन्यानं त्यांना घरी बसवलं, वयाच्या ९३ व्या वर्षी. दुसरे टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे. त्यांना लोक 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे गुरुजी. तेही वीस वर्षांवर सत्तेत होते, त्यांचेही शेतीतले प्रयोग फसले. पण १९८५ ला ते स्वतःहून उतरले. त्यांच्यानंतरच्या तीन अध्यक्षांनी दहा-दहा वर्षं काम केलं आणि पुढच्याकडे किल्ल्या दिल्या. दोघेही गुरुजीच. एकाला तास संपल्याची घंटा ऐकू आली, एकाला आली नाही.

आता इतका वेळ दुसऱ्यांबद्दल बोललो. दुसऱ्याच्या खुर्चीबद्दल बोलणं सोपं असतं. आता माझी.

आपल्या परिसरातल्या एका दूध संस्थेचा मी २००१ ते २०१९ चेअरमन होतो. अठरा वर्षं. नाव घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या वर्षी वार्षिक सभेला ओटा भरून खाली रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. चार तास भांडलो. एका म्हातारबाबांनी तर कॅन उलटा करून दाखवला, "बघ, तळाशी किती दूध राहतं, हे कुणाचं?" मला त्यांचा राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी कॅन निथळायला लाकडी घोडी करून घेतली.

दहाव्या वर्षी सभेला चाळीस माणसं. पंधराव्या वर्षी गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. प्रोसिडिंग बुकात सचिव आदल्या रात्रीच लिहून ठेवायचे: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. मी सही करताना म्हणायचो, "लोकांचा विश्वास आहे हो." विश्वास नव्हता तो. लोकांनी बोलणं सोडलं होतं. आणि ही गोष्ट खुर्चीवरून दिसत नाही, दोस्तांनो. तिथून शांतता आणि विश्वास सारखेच दिसतात.

२०१६ च्या सभेत एक पोरगा उठला. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचा मुलगा, नुकताच पदवी घेऊन आलेला. नम्रपणे म्हणाला, "काका, एक शंका आहे. संघाकडे आपल्या दुधाची फॅट जास्त लागते, आणि गावात मशीनवर कमी लागते. असं कसं? मशीन तपासून घ्यायचं का?"

प्रश्न सरळ होता. गावात सभासदाला त्याच्या फॅटप्रमाणे पैसे मिळतात. संघ संस्थेला संघाच्या फॅटप्रमाणे पैसे देतो. गावातलं मशीन दोन पॉइंट कमी दाखवत असेल, तर मधला फरक संस्थेत साचतो. पहिल्या वर्षीचा मी असतो तर तिथल्या तिथे मशीन उघडलं असतं. पंधराव्या वर्षीच्या मी काय केलं? मी म्हणालो, "बाळा, तुझ्या बापाला विचार, आम्ही ही डेअरी कशी उभी केली ते. दोन बुकं शिकलास म्हणून मशीन शिकवायला आलास का?"

लोक हसले. मलाही बरं वाटलं. माझा मित्र उठला, त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं निघून गेले. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही.

त्याच सभेत संस्थेला चांगला वाढावा झाला म्हणून मला हार घातला होता.

सहा-सात महिन्यांनी मशीन दुसऱ्याच कारणानं बंद पडलं. दुरुस्तीला माणूस आला, त्यानं तपासलं आणि म्हणाला, "चेअरमन, हे दोन पॉइंट कमी दाखवतंय, बऱ्याच दिवसांपासून." मी घरी येऊन हिशेब केला. दिवसाला दहा लिटर म्हशीचं दूध घालणाऱ्या घराचे महिन्याला दोन-अडीचशे रुपये कमी गेले होते. ज्या वाढाव्यासाठी मला हार पडला, तो वाढावा म्हणजे लोकांच्या म्हशींचं दूध होतं.

आता पुढचं ऐका, कारण मशीन बिघडणं हा गुन्हा नाही, गुन्हा पुढे आहे. मी ते पैसे दिवाळीला सभासदांना परत दिले. पण 'बोनस' म्हणून दिले. मशीनचं कुणाला सांगितलं नाही. सचिवांनाही म्हणालो, बोलू नका. लोकांचेच पैसे लोकांना वाटले आणि वर पुन्हा आभार घेतले. बायाबापड्या म्हणाल्या, "नानांनी यंदा दिवाळी गोड केली." मी मान डोलावली.

त्या वेळी माझी आई होती. तिला मी सगळं सांगितलं. चुलीपुढे बसून तिनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "भाऊ, आते बस कर." मी बस केलं नाही. मी म्हणालो, माझ्याशिवाय संघाशी भांडणार कोण? माझ्याशिवाय कर्जाची प्रकरणं करणार कोण? माझ्यामागे कुणी तयारच नाही. आणि हे खरंच होतं, मागे कुणी तयार नव्हतं. कारण अठरा वर्षं मी कुणाला तयार होऊच दिलं नव्हतं. जो तयार होत होता, त्याला भर सभेत हसवून बाहेर घालवलं होतं.

आणखी एक कारण होतं, ते त्या वेळी मी आईलाही सांगितलं नाही. उतरलो तर नवा माणूस दप्तर उघडेल आणि त्या बोनसचं खरं कारण बाहेर येईल, ही भीती. आपण म्हणतो पुढाऱ्याला सत्तेचा मोह सुटत नाही. मोह असतोच. पण पुष्कळदा मोहाहून भीती मोठी असते. जितकी जास्त वर्षं, तितकी झाकलेली पानं जास्त. जितकी पानं जास्त, तितकं उठणं अवघड. आणि उठणं अवघड, म्हणून आणखी वर्षं. हे चक्र मी आतून बघितलंय.

२०१९ ला माझं पॅनेल पडलं. मी शहाणपणानं उतरलो नाही, लोकांनी उतरवलं. म्हणून माणिकरावांच्या २०१४ बद्दल मी बोललो, तेव्हा वर बसून बोललो नाही. त्या रात्री कसं वाटतं ते मला माहीत आहे. वर्षभर मी डेअरीकडे फिरकलो नाही, दूध पोरासोबत पाठवायचो. मग एकदा पोरगा आजारी होता, म्हणून स्वतः गेलो. रांगेत उभा राहिलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा रांगेत. माझ्या दुधाची पावती हातात आली, फॅट वाचली, आणि लक्षात आलं की हा आकडा खरा आहे की नाही हे तपासायचा मला दुसरा काहीच मार्ग नाही. चेअरमन सांगेल तो खरा. तेव्हा २०१६ मधला तो पोरगा कुठल्या जागेवरून बोलत होता, ते मला कळलं.

मग आपण करायचं काय?

लोक म्हणतात, मतपेटी आहे ना, नको असेल तर पाडा. बरोबर आहे. आमदार-खासदाराला किती वेळा उभं राहायचं याची आपल्या देशात कायद्यानं मर्यादा नाही, आणि शेवटचा शब्द मतदाराचाच असला पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण माझ्या संस्थेतही मतपेटी होतीच की. अठरा वर्षांत तीन निवडणुका झाल्या, त्यातल्या दोन बिनविरोध. समोर कुणी उभंच राहिलं नाही तर मतपेटी काय करणार? निवडणूक पाच वर्षांनी एकदा येते. समोर उभा राहणारा माणूस मधल्या पाच वर्षांत घडावा लागतो.

जिथे नियम केला तिथे फरक पडतो. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांपेक्षा जास्त राहता येणार नाही, असं २०२० च्या दुरुस्तीनं ठरलं. २०२५ मध्ये ती मुदत दहा वर्षं केली. पुष्कळ मोठी माणसं त्यावर चिडली. पण पैसा लोकांचा आहे, आणि नवी नजर वहीवर पडली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. सरपंचपदाचं आरक्षण फिरतं म्हणून आपण कुरकुर करतो. पण त्या फिरण्यामुळेच महाराष्ट्रातल्या कितीतरी बाया पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या. नवरा शेजारी खुर्ची टाकून बसतो हे खरं, पण दुसऱ्या वर्षी बाई स्वतःच विचारते, "हे बिल कसलं?" तो हजेरीपटाचाच क्रम आहे.

आणि दोष फक्त वर बसलेल्याचा नाही. मे २०२३ मध्ये शरद पवारांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडतो म्हणून जाहीर केलं. माणसं रडली, आडवी पडली, आणि तीन दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. त्यात राजकारण काय होतं ते राजकारणातले जाणोत. मी त्या रडणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत होतो. आपणही असेच आहोत. कुणी उठायला लागलं की आपण त्याचं उपरणं धरतो. "नाना, तुम्हीच राहा," हे वाक्य मी अठरा वर्षं ऐकलं. म्हणणाऱ्यातल्या निम्म्यांना माझं प्रेम होतं, आणि निम्म्यांना ते काम स्वतःच्या अंगावर नको होतं. दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

आता शेवटाकडे येतो. दोन कामं उरली आहेत.

पहिलं काम. माझ्या बाकावरचा माझा मित्र समोर, तिसऱ्या रांगेत बसलाय. नऊ वर्षं आम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेलो, पण अहेर देऊन, न जेवता परत आलो. भो, तुझ्या पोरानं भर सभेत विचारलं होतं आणि मी त्याला भर सभेत हसवलं होतं. म्हणून घरी येऊन माफी मागणं मला पुरेसं वाटलं नाही. तुझा पोरगा बरोबर होता. मशीन दोन पॉइंट कमी दाखवत होतं, आणि ती दिवाळी मी गोड केली नव्हती, ते तुमचेच पैसे होते. हे मी आज सगळ्यांसमोर सांगतो. संस्थेलाही लेखी दिलं आहे. तू माझ्याशी बोलावंस असा माझा आग्रह नाही. पण हे तुझ्या पोराच्या नावावर नीट लिहिलं जावं, म्हणून संपादकांना विनंती की भाषण छापताना हा भाग कापू नका.

तो पोरगा आता त्याच संस्थेचा चेअरमन आहे. काम चांगलं करतो, मी रांगेत उभा राहून बघतो. पण बाळा, तुलाही सहावं वर्ष लागून गेलंय. परवाच्या सभेत टाळ्या जास्त आणि प्रश्न कमी होते, माझ्या कानाला ते ओळखीचं वाटलं. सांभाळ.

दुसरं काम छोटं आहे. आपल्या माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष मी २०१४ पासून आहे. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही मीच, एकटाच. तीन जणांना मी ग्रुपमधून काढलं होतं, त्यातल्या दोघांचा काही दोष नव्हता. आज मी दोन्ही सोडतो. माझी सूचना अशी: अध्यक्षाची मुदत तीन वर्षं, जास्तीत जास्त दोनदा. जमाखर्च अध्यक्षानं नाही, दुसऱ्यानंच वाचून दाखवायचा. आणि पुढचं नाव हजेरीपटाच्या क्रमानं. पट शाळेत अजून आहे, मी काल ऑफिसात जाऊन बघून आलो. शाई थोडी फिकी झालीय, पण आपली नावं वाचता येतात. आधी मुलींची नावं आहेत, म्हणजे पहिली पाळी आपल्या एका मैत्रिणीची. ताई, घाबरू नकोस. फळा पुसायचा आणि खडू आणायचे, एवढंच काम आहे.

कृपा करून कुणी "तुम्हीच राहा" म्हणू नका.

गुरुजनांना वंदन करतो आणि खाली बसतो.